चार पोती, एक टेम्पो

दरवर्षी ज्येष्ठ महिना सरत आला की ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते आणि दिघी, कळस करत आपल्या विश्रांतवाडीतून पुण्यात शिरते. आपण चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन आळंदी रस्त्याच्या कडेला उभ्या राहतो. नजर असते पालखीच्या रथाकडे आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलींकडे. आज आम्ही तुम्हाला दिंड्यांच्या ट्रककडे बघायला सांगणार आहोत.

एका दिंडीत शंभर, दोनशे, कधी त्याहून जास्त माणसं असतात. प्रत्येकाचं एक बोचकं, त्यात धाबळी, दोन धडुती, तांब्या. शिवाय स्वयंपाकाची पातेली, पिठाची पोती, तंबू, सतरंज्या. हे सगळं पाठीवर घेऊन पंढरपूर गाठणं अवघडच. मग दिंडी एक ट्रक करते. सकाळी चालायला लागायच्या आधी सगळी बोचकी त्यात चढतात आणि संध्याकाळी मुक्कामाच्या गावी ती आपल्याआधी पोचलेली असतात. ट्रकचं भाडं आणि जेवणाचा खर्च सगळे मिळून भरतात, आणि त्या वर्गणीला वारकरी 'भिशी' म्हणतात. तोच शब्द आपण आपल्या बचतीच्या फंडाला वापरतो. पूर्वी ट्रकच्या जागी बैलगाडी होती. गाडी बदलली, पण एकाचं ओझं सगळ्यांच्या गाडीत आणि गाडीचा खर्च सगळ्यांच्या खिशात, ही रीत तशीच राहिली.

आजचं आमचं बोलणं याच रीतीबद्दल आहे. शहरात माल इकडून तिकडे न्यायचा खर्च लोकांनी वाटून कसा घेतला, त्यात कोणाचं भलं झालं, आणि कोणाच्या पाठीवर तो खर्च गुपचूप टाकला गेला. आपल्या गटांना हा इतिहास हवा, कारण पापड-मसाल्याच्या धंद्यात आपला नफा कढईत जळत नाही, तो रिक्षात आणि टेम्पोत सांडतो.

पालखीचा पुण्यातला मुक्काम भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात असतो. ही भवानी पेठ आणि शेजारची नाना पेठ म्हणजे पुण्याची जुनी घाऊक बाजारपेठ. धान्य, गूळ, भुसार माल सगळा तिथे उतरायचा. रेल्वे नव्हती तेव्हा घाटावरचं धान्य खाली कोकणात आणि कोकणातलं मीठ वर देशावर यायचं ते बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन निघायचे. एकट्या माणसाने दोन बैल घेऊन रान तुडवणं म्हणजे चोराला आवतण देणं. तांड्याने गेलं की राखण एक, मुक्काम एक, चाऱ्याची सोय एक. या तांड्यांत बायका-पोरंही चालत, हे विसरू नये.

१८३० मध्ये बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता झाला आणि बैलाच्या पाठीवरचा माल गाडीत चढला. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत आली, आणि १८६३ मध्ये घाटातला अवघड टप्पा पुरा झाल्यावर मुंबई-पुणे सलग जोडले गेले. पण रेल्वे माल आणून टाकायची स्टेशनच्या मालधक्क्यावर. तिथून पेठेतल्या दुकानापर्यंतचं अंतर दीड-दोन मैल. मुंबईहून शंभर-सव्वाशे मैल आलेलं पोतं त्या शेवटच्या दोन मैलांत सगळ्यात जास्त हाताळलं जायचं. हातगाडी, बैलगाडी, आणि माणसाची पाठ. आजही तसंच आहे बघा. नाशिकचा कांदा मार्केट यार्डात येतो तो भरलेल्या ट्रकने, तेव्हा किलोमागे भाडं थोडंच पडतं. गुलटेकडीहून आपल्या टिंगरेनगरला तो पिशवीने आणायचा म्हटला की खरं महाग पडतं.

या व्यापारात एक माणूस फार कामाचा होता. त्याचं नाव हुंडेकरी. शब्द ऐकून दचकू नका, लग्नातल्या हुंड्याशी त्याचं काही नाही. 'हुंडा' म्हणजे इथे उक्तं ठरवलेलं भाडं. लहान दुकानदाराची दोन पोती असतात, त्यासाठी तो अख्खी गाडी कुठून करणार? हुंडेकरी एकाची दोन, दुसऱ्याची पाच, तिसऱ्याचा एक डाग असा माल गोळा करायचा, प्रत्येकाच्या हातात बिल्टी द्यायचा आणि गाडी भरली की सोडायचा. बिल्टीवर माल कोणाचा, किती नग, कुठे उतरायचा, सगळं लिहिलेलं. दहा दुकानदारांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसेल, तरी त्यांचा माल एका गाडीत बसून जायचा, कारण मधे हिशेब ठेवणारा एक माणूस होता. अर्थात हुंडेकऱ्याचा त्यात नफा होताच. तो काही समाजसेवक नव्हता. पण एक गोष्ट त्याने शिकवली आहे: गाडी वाटून घ्यायची तर आधी कागद हवा.

आता ज्यांचं नाव सगळ्या जगाने ऐकलं आहे त्यांच्याकडे वळू. मुंबईचे डबेवाले. मुंबईचे म्हणतो खरं, पण माणसं आपल्याच पुणे जिल्ह्याची: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, आणि पलीकडे नगर जिल्ह्यातलं अकोले, संगमनेर. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये शंभरेक माणसं घेऊन हे काम बांधलं, असं सांगितलं जातं. १९५६ मध्ये त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला. भरभराटीच्या काळात पाच हजारांच्या आसपास माणसं रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत होती, आणि तेवढेच रिकामे परत आणत होती.

लोक त्यांच्या स्मरणशक्तीचं आणि टोपीचं कौतुक करतात. परदेशातला राजपुत्र त्यांना भेटायला आला होता तेही खरं. आम्हाला मात्र त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते. विचार करा, अंधेरीतल्या एका बाईने नवऱ्याचा डबा चर्चगेटला पोचवायला स्वतंत्र माणूस ठेवला तर त्याचा पगार कोणाला परवडेल? आणि एकाच माणसाने तीस घरचे डबे घेतले, पण ते तीस डबे मुंबईच्या तीस कोपऱ्यांत जाणार असतील, तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो कुठेकुठे पळेल? म्हणून त्यांनी डबा आणि माणूस यांची जोडीच तोडली. सकाळी एक माणूस आपल्या गल्लीतले तीस-पस्तीस डबे गोळा करतो आणि स्टेशनवर आणतो. तिथे सगळ्यांचे डबे जमिनीवर मांडले जातात आणि जायच्या ठिकाणाप्रमाणे वेगळे होतात. दादरचे एका लाकडी खोक्यात, चर्चगेटचे दुसऱ्यात. लोकलच्या मालडब्यातून ते खोकं जातं, वाटेत पुन्हा वाटणी होते, आणि शेवटच्या माणसाच्या हातात फक्त त्याच्या इमारतींचे डबे येतात. एक डबा तीन-चार हातांतून जातो. एकाही माणसाला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत न्यावा लागत नाही.

हे चालतं ते डब्यावरच्या खुणेने. रंग, अक्षर, आकडा. कोणत्या स्टेशनवर चढला, कुठे उतरायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. पत्ता वाचायची गरज नाही. ही खूण ज्या काळात आली तेव्हा कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. आपल्या गटातही अजून सही न येणाऱ्या मावशी आहेत, त्यांना ही गोष्ट लगेच पटेल.

त्यांचे वीस-पंचवीस जणांचे गट असतात, प्रत्येक गटाला मुकादम. गटाची कमाई खर्च वजा जाता सारखी वाटली जाते. मुकादमालाही तेवढीच आणि नव्या पोरालाही तेवढीच. आणि प्रत्येक गटात दोन-चार माणसं जादा असतात. रोज त्यांना काम असतंच असं नाही, पण कोणी आजारी पडला, कोणाची सायकल मोडली, तर ते लगेच उभे राहतात. बाहेरचा कोणी हिशेबनीस आला असता तर त्याने पहिल्यांदा हीच माणसं कमी केली असती. डबेवाल्यांनी ती ठेवली, कारण एक डबा चुकला तर त्या माणसाची दुपार उपाशी जाते आणि पुढच्या महिन्यात तो डबा बंद करतो. काटकसर कुठे करायची नाही हे कळणं हीसुद्धा काटकसरच आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यासधडा लिहिला, त्यातही शिस्त आणि सोपेपणा यांवरच भर आहे.

पण या सगळ्या कौतुकात एक बाई राहून जाते, मैत्रिणींनो. डबेवाला दारात येतो तेव्हा डबा तयार लागतो. तो दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, कारण त्याची लोकल थांबणार नाही. जे घर वारंवार उशीर करतं त्याचा डबा ते सोडून देतात. म्हणजे ही घड्याळासारखी साखळी जिथून सुरू होते ती कडी म्हणजे पहाटे पाचला उठून पोळ्या लाटणारी बाई. तिच्या पहाटेचा खर्च भाड्यात कोणी धरला नाही. कार्यक्षमता, कार्यक्षमता म्हणून जे काही मोजलं जातं ते दारापासून पुढचं. दाराच्या आतलं फुकट. आम्हाला वाटतं, मालवाहतुकीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एकदा स्वयंपाकघरापासून सुरुवात करून बघावी.

आणि दुसरीही एक गोष्ट. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि सव्वाशे वर्षं चाललेलं हे काम एका दिवसात थांबलं. माणसं गावी परतली, कितीतरी जण परत आलेच नाहीत. शिस्त तीच होती, खुणा त्याच होत्या, मुकादम तेच होते. नव्हती फक्त लोकल. तेव्हा लक्षात येतं की ही स्वस्ताई नुसती शिस्तीतून आलेली नव्हती. सरकारी रेल्वेच्या मालडब्यात महिन्याच्या पासावर जागा मिळत होती, म्हणून ती शक्य होती. वाटून घ्यायला आधी सगळ्यांची अशी काहीतरी वस्तू असावी लागते.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. त्यानंतर किती आयांनी शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा एसटीने पाठवला असेल! सकाळच्या गाडीला फडक्यात बांधलेला डबा द्यायचा, पोराने तो स्टँडवर घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. गाडी जाणारच होती, डब्याने तिचं काही बिघडत नव्हतं. रिकाम्या जागेचा उपयोग यापेक्षा चांगला कोणी केला नसेल. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते तेव्हा एसटीने स्वतःच मालवाहतूक सुरू केली.

बायकांनी बायकांसाठी उभं केलेलं उदाहरण हवं असेल तर ते लिज्जतचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढे काम वाढल्यावर त्यांनी जी पद्धत बसवली तिच्याकडे फार कोणी बघत नाही. पीठ एका ठिकाणी मळायचं. बाईने सकाळी येऊन कालचे लाटलेले पापड द्यायचे, मजुरी घ्यायची आणि आजचं पीठ घेऊन घरी जायचं. मुंबईत तर बायकांना आणायला-सोडायला संस्थेची गाडी असते. बघा, यात एकही खेप रिकामी नाही. येताना पापड, जाताना पीठ. आणि गाडी संस्थेची, त्यामुळे लांब राहणाऱ्या बाईला जवळच्या बाईपेक्षा कमी पैसे पडत नाहीत.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांची गोष्ट याच्या उलट बाजूने सांगते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका वाण्याकडून उधारीवर थोडं थोडं सामान घ्यायच्या. घाऊक बाजार हाकेच्या अंतरावर होता, पण घाऊक घ्यायला एकदम पैसा लागतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता. मग किरकोळीचा भाव द्या, वर व्याज द्या. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर प्रेमा पुरव यांनी त्यांना बँकेच्या दारात नेलं, आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. हातात कर्ज आलं तेव्हा कुठे एकदम सामान भरणं जमू लागलं. म्हणजे गाडी वाटून घ्यायच्या आधी भांडवल वाटून घ्यावं लागतं. आपल्या गटातलं अंतर्गत कर्ज त्यासाठीच आहे, नुसतं लग्नकार्यासाठी नाही.

आता पुन्हा पुण्यात, भवानी पेठेत येऊ. इतका वेळ आपण गाडीबद्दल बोलतोय, पण गाडीत पोतं चढवतं कोण? शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा हमाल. खर्च वाचवायचा तर व्यापाऱ्याला सगळ्यात सोपा मार्ग कोणता? हमाली पाडायची. एकाने नाही म्हटलं तर दुसरा उभाच आहे. दुष्काळात गाव सोडून आलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. डॉ. बाबा आढाव यांचा दवाखाना नाना पेठेत होता. तिथे येणाऱ्या हमालांच्या पाठी आणि छात्या बघून ते या कामात ओढले गेले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला हमाल पंचायत उभी राहिली. हमालीचे दर ठरवून घेणं, पोत्याचं वजन ५० किलोंवर आणावं ही मागणी लावून धरणं, ही त्यांची कामं. मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडी कामगारांना संघटित करत होते. या सगळ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला.

या कायद्याची गंमत अशी की त्यानेही खर्च वाटूनच घेतला, पण वेगळ्या बाजूने. हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. सकाळी एका दुकानात, दुपारी दुसऱ्या. मग त्याचा फंड कोणी भरायचा, म्हातारपणी त्याला कोणी बघायचं? प्रत्येक व्यापारी म्हणणार, तो माझा माणूस नाही. कायद्याने मंडळ नेमलं. व्यापाऱ्याने हमाली मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही भरायची; त्या लेव्हीतून सगळ्या हमालांचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा. एकट्या व्यापाऱ्याला जो बोजा नको होता तो सगळ्या बाजाराने मिळून उचलला. आमच्या मते शहरी मालवाहतुकीत महाराष्ट्राने केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे. जगात दुसरीकडे गाड्या एकत्र करायचे प्रयोग झाले. जपानच्या फुकुओका शहरात तेनजिन नावाच्या गजबजलेल्या बाजारपेठेत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वाहतूक कंपन्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आपला माल एकत्र करून एकाच व्यवस्थेने वाटायला सुरुवात केली, आणि रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या. ते चांगलंच आहे. पण ओझं उचलणाऱ्याच्या म्हातारपणाचा खर्च भाड्यात धरावा, हे आपल्याकडच्या हमालांनी धरायला लावलं. १९७४ मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, ना नफा तत्त्वावर कष्टकऱ्याला पोटभर जेवण. तिथे भाकरी करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या पगारावर आहेत.

डोक्यावरचं ओझं चाकावर आणायचं काम आपल्याच बायकांनीही केलं आहे. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ मध्ये झाली आणि त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. डोक्यावर आणि काखेत पोतं घेऊन मैलोन्‌मैल फिरणाऱ्या बायकांच्या हातात ढकलगाडी आली आणि ठरलेल्या गल्ल्या आल्या. शहरातली सगळ्यात जड आणि सगळ्यात कमी मान असलेली मालवाहतूक त्या करतात. आपण तिला वाहतूक म्हणतच नाही.

आणि आपला टेम्पो? हा शब्द मराठी नाही, इंग्रजीही नाही. हॅम्बुर्गच्या एका जर्मन गाडी-कारखान्याचं ते नाव. १९५८ मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि तीन चाकांचा टेम्पो रस्त्यावर आला. लोकांनी छोट्या मालगाडीला तेच नाव देऊन टाकलं. २००५ मध्ये टाटांची 'एस' आली, तिला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो. या लहान गाड्यांनी हातगाडी ओढणाऱ्याची छाती वाचवली हे खरं. पण गाडी जितकी लहान आणि स्वस्त, तितकी ती एकट्याने करायची सवय लागते. मग आळंदी रस्त्यावर सिग्नलला पाच छोटे हत्ती उभे असतात आणि प्रत्येकात चार पोती. अर्धी गाडी हवा वाहते, आणि तिचं भाडं आपण भरतो.

आता आपल्या हिशेबाकडे येतो. दिवाळीचं सामान गट मिळून मार्केट यार्डातून आणायचं, एक टेम्पो करायचा, इथपर्यंत सगळ्या माना डोलावतात. भाडं कसं वाटायचं म्हटलं की खोलीत शांतता पसरते. 'सगळ्यांनी सारखं' हे पहिलं उत्तर. ऐकायला न्याय्य वाटतं. पण आकडे मांडून बघू, हे निव्वळ उदाहरणाचे आकडे आहेत. समजा, एकटीने आणलं तर विश्रांतवाडी चौकातल्या बाईला भाडं ६०० रुपये पडतं, धानोरीच्या बाईला ७०० आणि लोहगावच्या बाईला ८००. चौथ्या एका मैत्रिणीचं फक्त एक पिशवीभर सामान आहे, ती बसने जाऊन शंभर रुपयांत घेऊन येते. चौघींचा मिळून टेम्पो ९०० ला ठरला. सारखं वाटलं तर प्रत्येकीला २२५. तिघींची चंगळ. चौथी शंभराच्या जागी २२५ भरते! ती बोलणार नाही, कारण सगळ्यांनी मान डोलावली आहे. पुढच्या वेळी ती फक्त येणार नाही. आणि ती नेमकी गटातली सगळ्यात कमी पैसा असलेली बाई असते.

म्हणून आमचं म्हणणं असं, की एकटीला किती पडलं असतं त्या प्रमाणात वाटायचं. चौघींचे एकटीचे आकडे मिळून २२०० होतात, टेम्पो ९०० चा. म्हणजे प्रत्येकीने आपल्या एकटीच्या खर्चातल्या शंभर रुपयांमागे साधारण ४१ रुपये द्यायचे. विश्रांतवाडीची २४५, धानोरीची २८६, लोहगावची ३२८ आणि पिशवीवाली ४१. रुपया इकडेतिकडे. कोणालाच एकटीपेक्षा जास्त पडत नाही.

वजनावर वाटायचं म्हणाल तर त्यातही एक खोच आहे. कुरडया, पापड, चुरमुरे वजनाला काहीच नाहीत, पण गाडीतली अर्धी जागा खातात. बेसनाचं पोतं कोपऱ्यात मावतं आणि काट्यावर जड भरतं. नुसत्या वजनावर वाटलं तर बेसनवाली कुरडयावालीचं भाडं भरते. कुरियरवाले म्हणूनच हलक्या पण फुगलेल्या मालाला जागेचं भाडं लावतात. आपणही काटा आणि टेप दोन्ही ठेवावेत.

आणखी एक, हमाली भाड्यातच धरायची. यादी करताना पहिल्या ओळीत. टेम्पो भरताना दारात उभं राहून 'दादा, वीस रुपये कमी करा की' असं म्हणणं आपल्याला शोभत नाही. आपण वाचवलेले पैसे त्याच्या पाठीवरून काढायचे नाहीत.

जातानाची खेप रिकामी असते, त्यावरही विचार चालू आहे. शिवणाच्या गटाच्या कापडी पिशव्या त्या बाजूच्या दुकानांना लागतात, त्या त्याच टेम्पोत जातील.

तर यंदा दिवाळीच्या सामानाची यादी प्रत्येक गटाने नवरात्राच्या आत द्यावी. यादीत नग, वजन आणि अंदाजे जागा, तिन्ही लिहा. ज्यांना लिहायला जमत नसेल त्यांनी बैठकीत तोंडी सांगावं, आम्ही लिहून घेऊ. प्रत्येकीला बिल्टीसारखी चिठ्ठी मिळेल. पोत्यांवर खूण रंगाने करायची आहे, वस्तीप्रमाणे एक रंग. धानोरीच्या बायकांनी हिरवा आधीच मागून ठेवला आहे, आणि लोहगाववाल्या त्यावरून रुसल्या आहेत, तेवढं सोमवारच्या बैठकीत मिटवू.